शिजवलेली रीडिंगं

गेल्या अंकात या पानावर मी एक साधी सूचना केली होती. कॉलेजात शिकणाऱ्यांनी पंधरा दिवस आपल्या अभ्यासाची किंवा वागण्याची नोंद आपणच ठेवावी, ती कुणाला दाखवू नये, आणि वाटलंच तर शेवटी मला दोन ओळी लिहाव्यात. ‘कुणाला दाखवू नये’ असं स्पष्ट लिहूनही निम्म्या पत्रांसोबत वहीच्या पानांचे फोटो आलेत. असो, आलेत तर बघितले. ‘नोंद’ या शब्दाचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावलेला दिसतो. कुणी तास मोजले, कुणी स्वतःचे अपराध मोजले, आणि नाशिकच्या एका आईने स्वतःचं काही न मोजता मुलाचं मोजलं.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी ३३ वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यातला अर्धा काळ लॅबमध्ये मुलांच्या ऑब्झर्वेशन टेबलांखाली लाल पेनने सह्या करण्यात गेला. त्यामुळे माणसांच्या प्रश्नांनाही माझ्याकडून लॅबमधलीच उत्तरं येतात. पटलं नाही तर सोडून द्यावं.

प्रश्न: मॅडम, मी मूळचा बार्शीचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अजून निघत नाही. दोनदा दिला, दोनदा बॅक राहिला. रोज नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. मोबाइलवर टायमर लावून तास मोजतो. गेल्या आठवड्यात ५१ तास भरले, फोटो जोडला आहे. आणखी कसली नोंद ठेवू? घरी सांगायची सोय नाही.

तुझे ५१ तास खरे आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या टायमरने तुझी खुर्ची मोजली. तारेची जाडी मोजायला फूटपट्टी घेऊन बसलास तर दिवसभर मोजत बसशील आणि दर वेळी ‘साधारण एक मिलिमीटर’ एवढंच येईल. त्या पट्टीवर त्याच्या खालचं काही दिसतच नाही. तारेला मायक्रोमीटर लागतो. त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असतं, म्हणजे पट्टीच्या शंभरपट बारीक.

हे मी त्याला उलट टपाली कळवलं आणि दोन गोष्टी करायला सांगितल्या. त्याने त्या केल्या, पानं पाठवली, आणि नाव न छापण्याच्या अटीवर छापायची परवानगीही दिली. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. एका कागदावर चौकोन आखायचे. अभ्यासाला बसल्यावर मधेच कधी आठवण झाली की स्वतःकडे बघायचं, ‘या क्षणी मी गणितात आहे का?’ असेन तर बरोबरची खूण, नसेन तर वजा, आणि वजाच्या पुढे कुठे होतो ते दोन शब्दांत. टायमर बंद. सुधारायचा प्रयत्नही करायचा नाही, पहिले तीन दिवस फक्त बघायचं.

पहिल्या दिवशी २३ चौकोन भरले, त्यात बरोबरच्या खुणा ९. वजांच्या पुढे लिहिलेलं जसंच्या तसं देते: ‘मेसचे पैसे’, ‘शेजारच्याचा चार्जर’, ‘इन्स्टा’, ‘हेडिंगला स्केचपेन’, ‘पंखा कोण बंद करतंय’, ‘चहा’, ‘चहा’, ‘सोडवलेलं गणित बघत होतो’. यातल्या शेवटच्यावर नंतर येते. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मॅडम, चहाच्या टपरीवरही टायमर चालूच असतो हे मला माहीत होतं. पण लिहिलेलं नव्हतं.’

तिसऱ्या दिवशी २० पैकी १३ बरोबर. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं आणि रागावलंही नव्हतं. फक्त चिठ्ठी समोर होती.

हा चिठ्ठीचा प्रकार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९७१ साली अमेरिकेत आठवीतल्या दोन मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लायझा नावाने येणारी मुलगी इतिहासाच्या तासाला लक्ष लागत नाही म्हणून स्वतः होऊन समुपदेशकाकडे गेली होती. तिला चौकोनांची चिठ्ठी दिली. आधी तासातला साधारण ३० टक्के वेळ ती अभ्यासात असायची, चिठ्ठी आल्यावर ते प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास गेलं. गंमत अशी की तिच्या खुणा आणि मागे बसून मोजणाऱ्या निरीक्षकाच्या खुणा रोजच्या रोज जुळत नव्हत्या. तरी वागणं बदललं. पुढे सरांनीही तिचं लक्ष असल्याची दखल घ्यायला सुरुवात केली, मग चिठ्ठी काढून घेतली तरी सुधारणा टिकली.

फिजिक्सवाल्याला हे ऐकून जरा अस्वस्थ व्हायला होतं. लहान बीकरमधल्या गरम पाण्यात थंड थर्मामीटर बुडवला की तोच थोडी उष्णता खातो आणि तापमान खाली येतं. मोजणाऱ्याने मोजायची वस्तूच बदलली, म्हणजे रीडिंग बिघडलं, असं आम्ही मुलांना शिकवतो. इथे ते बिघडणंच आपल्या कामाचं आहे.

दुसरी गोष्ट अंदाजाची, आणि माझ्या मते तुझ्यासाठी हीच मोठी आहे. एखादा टॉपिक ‘झाला’ असं वाटलं की वही मिटायची. त्यावरची पाच गणितं जुन्या पेपरातून निवडायची, आणि हात लावायच्या आधी लिहायचं की यातली किती येतील. मग पुस्तक बंद ठेवून सोडवायची आणि शेजारी लिहायचं की किती आली. तिसऱ्या रकान्यात एकच ओळ, कुठे अडकलो. त्याचं लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचं पान असं आहे:

सोमवार. अंदाज ४, आली १.
बुधवार. अंदाज ४, आली १.
शुक्रवार. अंदाज ३, आली २.
रविवार. अंदाज २, आली २.

रविवारी पाचातली दोनच आली म्हणून तो हिरमुसला. मला मात्र ते पान बघून बरं वाटलं. मोजायला घ्यायच्या आधी व्हर्नियरचे जबडे मिटून शून्य शून्यावर येतं का बघतात ना, तसं त्याचं शून्य त्या दिवशी शून्यावर आलं. सोमवारी तो स्वतःला तीन गणितांनी चुकत होता आणि त्याच भरवशावर पुढच्या टॉपिकला गेला असता. दोनदा गेलाच होता.

आता तिसरा रकाना. सोमवारच्या चुकलेल्या चारांपैकी तीन गणितं एकाच जागी अडली होती. एक नमुना सांगते. डावीकडे डी स्क्वेअर मायनस फोर डी प्लस फोर, उजवीकडे ई रेज टू टू एक्स. पार्टिक्युलर इंटिग्रल काढताना छेदात डीच्या जागी २ घातला की शून्य येतं. तिथे छेदाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि वर एक्स लावायचा. या गणितात परत २ घातला की परत शून्य, म्हणजे तीच क्रिया आणखी एकदा, आणि उत्तर एक्स स्क्वेअर बाय टू गुणिले ई रेज टू टू एक्स. आपला बार्शीकर पहिल्यांदा व्यवस्थित करायचा आणि दुसऱ्यांदा शून्य दिसलं की ‘काहीतरी चुकलं’ म्हणून गणित सोडून द्यायचा. खरं तर काही चुकलेलं नसायचं. पाऊण वाट चालून मागे फिरण्यातला प्रकार. ५१ तासांच्या ढिगाऱ्यात ही वीस मिनिटांत समजणारी गोष्ट गाडली गेली होती, कारण सोडवलेलं गणित वाचताना ती जागा कधी टोचतच नाही. डोळे खाली घसरतात आणि आपल्याला वाटतं, आलं.

असं का होतं यावर २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री कुणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना. तुझ्या चिठ्ठीवरचा तो ‘सोडवलेलं गणित बघत होतो’ वजामध्ये टाकलास ते योग्य केलंस. बहुतेक मुलं तो बरोबरच्या खुणेत टाकतात.

पेपर अजून व्हायचा आहे, तेव्हा पुढचं मला माहीत नाही. घरचं म्हणशील तर फॉर्म भरायला पैसे मागशील त्याच फोनवर सांगून टाक. बाबा बोलतील. पण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त बोलतील.

प्रश्न: मुलगा हॉस्टेलवर आहे, दुसऱ्या वर्षाला. तुमचा लेख वाचून मी त्याला मोबाइलवर एक तक्ता करून दिला. अभ्यासाचे तास, फोनचा वेळ, झोपायची वेळ. रोज रात्री दहाला भरतो, मी बघते. पण मला शंका येते. रोज ‘५ तास’च कसे? — एक आई, नाशिक

ताई, शंका बरोबर आहे तुमची. साधा दोलक झुलवून ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग, काढायच्या प्रयोगात ज्याचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर ९८० येतं, त्याचं जर्नल मी आधी बाजूला काढायचे. खरी रीडिंगं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. मुलांच्या भाषेत याला रीडिंग शिजवणं म्हणतात. उत्तर आधी, निरीक्षणं मागून.

पण तुमच्या मुलाला बोलायच्या आधी माझी गोष्ट ऐका. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना मला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी ग्लुकोमीटर घ्यायला लावला. आठवड्यातून तीनदा सकाळी उपाशीपोटी तपासायचं, वहीत लिहायचं आणि महिन्याने वही दाखवायची. पहिला महिना नेमाने लिहिलं. दुसऱ्या महिन्यात भाचीचं लग्न आलं, केळवणं झाली, मुक्काम झाले, वही कपाटात राहिली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी बारा रीडिंगं एका दमात लिहिली. ११८, १२६, १२१. मधे एक १४२ टाकलं, खरं वाटावं म्हणून. चार ओळींनंतर निळं पेन ठेवून काळं घेतलं. मुलांच्या जर्नलमध्ये ज्या ज्या गोष्टी मी ३३ वर्षं पकडल्या, त्या सगळ्या मला येत होत्या!

डॉक्टरांनी वही बघितली. मग एचबीएवनसीचा रिपोर्ट बघितला, ८.४. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला पेन बदललेलं कळत नाही. त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. बोलले काहीच नाहीत. मी रिक्षात बसेपर्यंत मान वर केली नाही.

डॉक्टर चांगले होते, रागीटही नव्हते. तरी वही त्यांच्यासाठी आहे म्हटल्यावर मी ती त्यांना आवडेल अशी लिहिली. तुमचा मुलगा रात्री दहाला तेच करतो आहे. त्याचे ‘५ तास’ हे आईला शांत झोप लागावी म्हणून लिहिलेले तास आहेत, हे लक्षात घ्या. त्यात प्रेमही आहे थोडं.

तक्ता त्याला देऊन टाका आणि तुम्ही त्यातून बाहेर पडा. म्हणजे खरोखर बाहेर पडा, नुसतं ‘मी बघत नाही’ असं सांगून गुपचूप उघडून बघणं नको. रविवारी फोन कराल तेव्हा आकडा विचारू नका. ‘या आठवड्यात कशात अडकलास?’ एवढं विचारा. पहिले दोन रविवार ‘कशात नाही’ असंच उत्तर येईल. तिसऱ्याला काहीतरी निघेल. निघालं की लगेच उपाय सांगायचा नाही, हे तुम्हाला जड जाईल.

प्रश्न: मला लेक्चरमध्ये गप्प बसवत नाही. कमेंट तोंडातून निघून जाते. दोनदा बाहेर काढलं. नंतर वाईट वाटतं. तुम्ही म्हणता तसं मोजलं. एका दिवशी १७. मग कमी झालं, ६ वर आलं. आता परत १५. मोजून उपयोग नाही असं दिसतं. — बी.कॉम., सांगली

अरे, तू तर दुसरा स्टू निघालास. वर मी लायझाचं सांगितलं, त्याच अभ्यासातला हा दुसरा मुलगा. गणिताच्या तासाला मधेमधे बोलायचा. त्यालाही चिठ्ठी दिली आणि सुरुवातीला बोलणं कमी झालं. पण पुढे परिणाम ओसरला. स्वतः होऊन मदत मागायला लायझा गेली होती. स्टूला बदल हवा होता की फक्त शिक्षकांना, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तू मात्र स्वतः पत्र लिहिलंस, म्हणजे अर्धा लायझाही आहेस.

ओसरण्याचा अनुभव मलाही आहे. मी वर्गात प्रश्न विचारायचे आणि उत्तरही मीच द्यायचे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब येतात आणि एरवी तोंड न उघडणारीही बोलतात. हे वाचून मी टेबलावर डाव्या हाताला दहा चिंचोके ठेवले. स्वतःच उत्तर दिलं की एक उजवीकडे. पहिल्या तासाला वीस मिनिटांत दहाच्या दहा उजवीकडे! मुलांना वाटलं मॅडमनी काही व्रत धरलंय. दुसऱ्या आठवड्यात तीन-चारवर आले. चौथ्या आठवड्यात चिंचोके सरकवायचंच विसरायला लागले, आणि बडबड मूळपदावर. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला सांगितलं, मी प्रश्न विचारला की तू बाकावर तीन बोटं एकेक करून उघडायचीस, तिसरं उघडेपर्यंत मी गप्प. ते टिकलं. आधी चिंचोक्यांनी मला माझी सवय दाखवली, म्हणून बोटांपर्यंत पोचले.

तेव्हा तुझं मोजणं वाया गेलेलं नाही, अर्धवट राहिलंय. आता प्रत्येक कमेंटला एक टिंब दे आणि त्या टिंबाशेजारी एक अक्षर लिही. शेजारी कोण बसलं होतं, किंवा कुठला विषय होता, यातलं एकच. आठवड्याने पान बघ. १५ टिंबं सगळ्या तासांत सारखी पसरलेली असतील असं मला वाटत नाही, कुठेतरी गठ्ठा असणार. गठ्ठा सापडला की बाक बदलायचा की मित्र, हे तुझं तू ठरव. आणि कमेंट ओठांवर येऊन गिळलीस तर तिच्यासाठी वेगळी खूण कर, फुली वगैरे. नुसत्या चुकाच मोजत राहिलं की वहीचा कंटाळा येतो. शनिवारी ज्याला खरं सांगू शकशील अशा एका मित्राला दोन्ही आकडे सांग. फुल्या टिंबांपेक्षा जास्त झाल्या तर मिसळ त्याच्याकडून. पैज तुम्ही आपसात लावा, माझं नाव नको.

प्रश्न: मी सुंदर डायरी केली. १४ सवयींचे रंगीत रकाने. पाणी, व्यायाम, अभ्यास, मोबाइल, इंग्रजी, ध्यान वगैरे. सहाव्या दिवसानंतर एकही रकाना भरला नाही. फोटो पाठवते. — टी.वाय.बी.एस्सी., रत्नागिरी

डायरी खरंच सुंदर आहे. वेलबुट्टीला किती वेळ लागला, त्याचा रकाना दिसला नाही.

बेंजामिन फ्रँकलिनने तुझ्यासारखीच वही केली होती, १३ सद्गुणांची. दिवसांचे रकाने आणि चूक झाली तिथे काळा ठिपका. पण त्याने एक शहाणपण केलं. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष, बाकीचे आपले चालतील तसे. म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली आणि ओल्या स्पंजने पुसायला लागला. तू १४ पैकी एक निवड. पाणी निवडू नकोस, तहान लागली की पितेसच. ज्या रकान्याकडे बघायला नको वाटतं तो घे.

प्रश्न: नोंद ठेवल्यापासून जास्त त्रास होतो. रोज संध्याकाळी कोरं पान बघून रडू येतं. रात्री तीन-चारपर्यंत झोप नाही, जेवण जात नाही. मी अशीच आहे असं वाटतं. (वर्ग आणि गाव छापत नाही.)

बाळा, वही आजपासून बंद. कपाटात नको, कुणाला तरी देऊन टाक. झोप आणि भूक दोन्ही गेलेली असताना स्वतःला मोजायला बसलं की प्रत्येक आकडा आपल्याविरुद्ध साक्ष देतो. तापात व्यायाम करत नाहीत, तसंच आहे हे. मी काही डॉक्टर नाही, म्हणून तुला या पानावरून उपाय सांगणार नाही. तुमच्या कॉलेजात समुपदेशक असतील तर उद्या जा. नसतील, किंवा तिथे जायला संकोच वाटला, तर १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि घरात किंवा खोलीवर जी व्यक्ती जवळची आहे तिला आज रात्रीच सांग की झोप लागत नाही. एवढं एकच वाक्य. मला पुन्हा लिही, अभ्यासाचं काही न लिहिता.

प्रश्न: मी ग्रामीण महाविद्यालयात शिकवतो. प्रथम वर्षाच्या ६० मुलांना स्व-नोंदवही सक्तीची करून अंतर्गत मूल्यमापनात १० गुण ठेवावेत असा विचार आहे. तुमचं मत? — एक प्राध्यापक, जळगाव जिल्हा

सर, दहा गुण ठेवलेत की ६० वह्या येतील आणि त्यातल्या पन्नासेक आदल्या रात्री लिहिलेल्या असतील. उरलेल्या दहा त्यांच्यावरून उतरवलेल्या. जर्नल सर्टिफाय करायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलच्या व्हरांड्यात काय चालतं ते तुम्ही पाहिलं असेलच.

मुलांना मोजता येत नाही असं मात्र समजू नका. ७५ टक्के हजेरीची अट असते तिथे वर्गातलं सगळ्यात मागे बसणारं पोरगंही तोंडी सांगतं की या विषयाची आणखी चार लेक्चरं बुडवली तरी चालतात, त्या विषयाची दोनच. इतकी अचूक स्व-नोंद मी अजून कुठल्या आदर्श विद्यार्थ्याकडे पाहिलेली नाही. तिथे आकड्याचा उपयोग ज्याचा त्याला, त्याच दिवशी होतो, म्हणून ते जमतं.

तुम्ही हे करून बघा. चाचणीचे पेपर तपासून परत द्याल, त्याच तासाला एक कोरी चिठ्ठी द्या. तीन प्रश्न. तयारी कशी केली होती, गुण कुठे गेले (समजलंच नव्हतं, समजलं होतं पण हाताने सोडवलं नव्हतं, की प्रश्न नीट वाचला नाही), आणि पुढच्या वेळी कुठली एक गोष्ट वेगळी करणार. परदेशात काही विद्यापीठांत याला एक्झाम रॅपर म्हणतात. चिठ्ठ्या गोळा करा, पण गुण देऊ नका, शेरा मारू नका. पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी ज्याची त्याला परत द्या. स्वतःच्या अक्षरातलं ‘हाताने सोडवणार’ वाचून मुलं जरा ओशाळतात. आमच्याकडे मी हे चार वर्षं केलं. सगळ्यांवर परिणाम झाला असं म्हणणार नाही. एकाने तर तीन चिठ्ठ्यांवर एकच वाक्य लिहिलं, ‘लवकर सुरुवात करणार’. चौथ्या चिठ्ठीवर त्याने तेच वाक्य लिहून पुढे कंसात ‘खरंच’ घातलं होतं.

प्रश्न: यासाठी कोणतं ॲप चांगलं? — अनेक वाचक

चौकोनी रेघांची छोटी वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. फोन नोंदीसाठी उघडला की माणूस नोंद सोडून भलतीकडे जातो, वरच्या चिठ्ठीत ‘इन्स्टा’ आहेच. फोन किती वापरता हे मात्र फोनलाच विचारा. सेटिंगमध्ये दिवसाचा स्क्रीन टाइम असतो. बघायच्या आधी आपला अंदाज वहीत लिहा. माझा परवाचा अंदाज होता सव्वा तास. निघाले तीन तास दहा मिनिटं, त्यात बराचसा वेळ तुमच्या वह्यांचे फोटो मोठे करून बघण्यात गेला, असं मी स्वतःला सांगते आहे.

पुढच्या अंकासाठी पत्रं १० तारखेपर्यंत पोचावीत. फोटो पाठवणारच असाल तर रोल नंबर झाकून पाठवा.